ठासणीच्या रायफलीची चाचणी आणि नेम : खानापूर-बेळगाव भागातल्या परवानाधारकांना विचारणा

कणकुंबीवाला

नमस्कार मंडळी. जांबोटीच्या पुढे आमची भातशेती आणि थोडी काजूची बाग आहे. पीक संरक्षणासाठी आजोबांच्या नावावर ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. तो पुढे वडिलांकडे आला आणि आता कायदेशीर वारस म्हणून रीतसर माझ्या नावावर झालाय.

आपल्याकडे ठासणीची म्हटलं की गुळगुळीत नळीची बंदूक डोळ्यांपुढे येते. ही तशी नाही. परवानाधारक गनस्मिथनी नळी दस्त्यातून काढून मागचा पेच उघडला, तेव्हा आत वळत गेलेले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे चर, स्पष्ट दिसले. नळी आठ पैलूंची आहे आणि आतलं माप अर्ध्या इंचाच्या आसपास भरतं. चाल टोपीची आहे, म्हणजे घोडा निपलवरच्या टोपीवर आपटला की ठिणगी पडून बार होतो. खालच्या पैलूवर मुकुट आणि एकमेकांना छेदणारे राजदंड अशी खूण आहे. गनस्मिथनी पेच, निपल आणि घोडा तपासून, नळीला आत कुठे खड्डे नाहीत हे बघून ‘हलक्या बारानं चालवायला हरकत नाही’ असं लेखी दिलंय.

अडचण अशी की ही बंदूक घरात कुणी नेमासाठी वापरलीच नाही. वडील रात्री राखणीला बसले की नुसता आवाजाचा बार काढायचे. त्यामुळे गोळी कुठे लागते हे घरात कुणालाच ठाऊक नाही. पुढची माशी (नळीच्या तोंडाजवळचा नेम धरायचा उंचवटा) नंतर कुणीतरी बसवलेली दिसते आणि ती चांगलीच उंच आहे. ती आत्ताच कानशीनं कमी करावी का? दारू किती घालावी? रायफल क्लबच्या रेंजवर परवानगी मिळाली आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही.

निवृत्त सुभेदार

माशीला अजिबात हात लावू नका. कानशीनं गेलेलं लोखंड परत येत नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीत आम्हाला आधी ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकत्र पाडणं, शिकवलं आणि मग झिरोइंग, म्हणजे त्या मध्यावर आणणं. तोच क्रम इथं दुप्पट लागू पडतो. पलटणीच्या रायफलीची गोळी कारखान्यातून सारखी येते. तुमच्या रायफलीची ‘गोळी’ तुम्हीच दर वेळी नव्यानं बनवणार आहात. दारूचं माप, गोळीभोवतीच्या चिंधीची जाडी, चिंधीला लावलेलं तेल, गजानं दिलेला दाब, नळीत साचलेली काजळी, यातलं एक जरी बदललं तरी गोळीची जागा बदलते. बार ठरायच्या आधी माशी घासली तर तुम्ही एका अपघाताला नेम बसवलेला असेल.

म्हणून पहिल्या दिवशी गोळ्या मधल्या काळ्या ठिपक्यावर लागल्या की नाही हे बघूच नका. त्या एकमेकींच्या जवळ लागल्या का, एवढंच बघा. खाली-डावीकडे का होईना, पण एका हाताच्या पंज्यात बसल्या तर काम झालं. तो पंजा मध्यावर आणणं हे नंतरचं आणि त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

सुरुवात २५ मीटरवर करा. कागद मोठा लावा, निदान हातभर. मागं मातीचा उंच बांध हवाच. असली गोळी हवेत गेली तर अर्धा मैल सहज काटते. पुढचा दस्ता वाळूच्या पिशवीवर टेकवा, नळी टेकवू नका. कठीण वस्तूवर नळी टेकली की बार होताना ती उसळते आणि गोळी वर जाते. दस्त्याची टेकायची जागाही दर वेळी तीच ठेवा. टोपी फुटण्यात आणि गोळी नळीबाहेर पडण्यात आधुनिक रायफलीपेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून चाप दाबल्यावर नजर माशीवरून उचलायची नाही. धूर होतो, माणूस डोकं वर करतो आणि गोळी भरकटते.

दारूबद्दल जुनी रीत अशी आहे की नळीचं माप इंचाच्या शंभराव्या भागात जेवढं, साधारण तेवढे ग्रेन (वजनाचं इंग्रजी माप) काळी दारू हा सुरुवातीचा बार. ५० मापाला ५० ग्रेन. पण तुमची नळी जुनी आहे, म्हणून त्याहून खालीच सुरू करा. आपल्या म्हाताऱ्यांच्या हिशेबात सांगायचं तर १ तोळा म्हणजे १८० ग्रेन, १ मासा १५ ग्रेन. तीन मासे दारू म्हणजे ४५ ग्रेन. तिथून पाच-पाच ग्रेननं वर जा, प्रत्येक मापावर तीन ते पाच गोळ्या मारा. एका मापाला गोळ्या एकत्र येतील, पुढच्या मापाला पुन्हा विखुरतील. जिथं एकत्र आल्या तिथं थांबा. जोर वाढला म्हणून नेम वाढत नाही. आणि गनस्मिथनी जी वरची मर्यादा सांगितली असेल ती ओलांडायची नाही.

फक्त परवान्यावर मिळणारी काळी दारू. काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा ठासणीच्या नळीत गेली तर नळी फुटू शकते. घरी कुटलेली दारूही नको.

उद्यमबाग

सुभेदार साहेबांनी क्रम सांगितला, मी चिंधी आणि गोळीचं सांगतो, कारण माझ्या मते आट्यांच्या नळीत निम्मा नेम चिंधीतच असतो.

गोल गोळी आट्यांना स्वतः भिडत नाही. ती नळीपेक्षा किंचित लहान असते आणि मधली फट तेल लावलेली चिंधी भरून काढते. आटे चिंधीला धरतात, चिंधी गोळीला फिरवते. ५० मापाच्या नळीला साधारण ०.४९० इंचाची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीची चिंधी ही प्रचलित जोडी. मिलिमीटरमध्ये गोळी सुमारे १२.४५ आणि चिंधी ०.३८. शुद्ध शिशाची ही गोळी भरते १७७ ग्रेनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक तोळा. पण ‘अर्ध्या इंचाच्या आसपास’ हे माप नाही. गनस्मिथकडून नळीचं नेमकं माप घ्या, मग साचा घ्या.

कापड घट्ट विणीचं शंभर टक्के सुती. गादीपाट उत्तम. वडगाव-खासबागेत विणकरांकडे विचारलं तर हव्या त्या जाडीचं मिळून जाईल, फक्त खळ धुऊन काढा आणि मग मायक्रोमीटरनं मोजा. टेरिकॉट किंवा मिश्र धागा चालणार नाही, तो वितळून नळीत चिकटतो. तेलाला मधमाशीचं मेण आणि एरंडेल गरम करून एकत्र केलेलं पुरतं. पेट्रोलियमचं ग्रीस टाळा, काळ्या दारूच्या काजळीबरोबर त्याचा डांबरासारखा थर होतो.

प्रत्येक बारानंतर पुढं जाऊन चिंध्या गोळा करा. (रेंज थांबवून, सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या आहेत हे पाहूनच.) चिंधीकडे बघून नळीची तब्येत कळते. मधे गोल काळा डाग, कडेला आट्यांच्या खुणा, वीण शाबूत : सगळं ठीक. मध्यभागी जळून भोक पडलंय : वायू बाजूनं निसटतोय, चिंधी जाड करा किंवा तेल वाढवा. आट्यांच्या रेषेवर कापल्यासारखी फाटलीय : आट्यांच्या कडा धारदार आहेत किंवा नळीच्या तोंडाशी कड तीक्ष्ण आहे. हे गनस्मिथला दाखवायचं, आपण पॉलिश पेपर घालत बसायचं नाही. आमच्या उद्यमबागेत लेथ आणि कारागीर भरपूर आहेत, पण बंदुकीच्या नळीवर काम करायला वेगळा परवाना लागतो. ओळखीतल्या वर्कशॉपला नेऊ नका.

आणखी एक. आटे किती वेगानं वळतात ते मोजून घ्या. मूठ मोकळी फिरणाऱ्या गजावर घट्ट चिंधी लावून नळीत सारा, गजावर खडूची खूण करा आणि सावकाश ओढा. किती इंचात खूण एक पूर्ण फेरी मारते ते बघा. ४८, ६० किंवा ६६ इंचात एक फेरी असेल तर नळी गोल गोळीसाठी आहे. २० ते ३० इंचातच फेरी होत असेल तर ती लांबट गोळीसाठी केलेली आहे, आणि तिथं गोल गोळी भारी बाराला आटे सोडून घसरू शकते.

निपाणी माळ

मी ऊसवाली शेतकरी, वडिलांची बंदूक माझ्या नावावर आहे. पण ती गुळगुळीत नळीची. तिला यातलं काही लागू होतं का, काका? नेम धरायची मागची खाच नाहीच, फक्त पुढं एक मणी.

निवृत्त सुभेदार

होतं ताई, बहुतेक सगळं. दारूचं एक माप, चिंधी, गजाचा दाब, सगळं तसंच. फरक असा की गुळगुळीत नळीत गोळीला फिरकी नाही, म्हणून अंतर वाढलं की ती कुठंही वळते. चाळीस-पन्नास मीटरपर्यंत ठीक. मागची खाच नाही म्हणजे तुमचा डोळाच मागची खाच. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला नाही तर नेम हलणारच. रोज रिकाम्या बंदुकीनं गाल लावायचा सराव करा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची ब्राउन बेस बंदूक अशीच होती. नळी पाऊण इंचाची, गोळी त्याहून बरीच लहान, म्हणजे पटकन भरता यावी. नेमासाठी नव्हेच ती, रांगेनं एकदम बार काढण्यासाठी. पुढं १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीला तीन आटे आले आणि मागं अंतराच्या खुणांची पट्टी आली. तेव्हा कुठं साध्या शिपायाला लांबचा नेम साधायला लागला.

नंदगड पेठ

या धाग्यावर लिहितोय ते थोडं कायद्याचं आणि थोडं इतिहासाचं. आपल्या भागात बंदूक ही कधीच नुसती वस्तू नव्हती. कित्तूरला २३ ऑक्टोबर १८२४ रोजी इंग्रज कलेक्टर ठॅकरे गोळी लागून पडला. इथं नंदगडला १८३१ मध्ये संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिलं. मुधोळजवळच्या हलगलीचे बेरड तर १८५७ च्या नोव्हेंबरात उठले तेच मुळी शस्त्रं जमा करायच्या कायद्याविरुद्ध. आजही निवडणूक लागली की आपण मुकाट ठाण्यात बंदूक जमा करून पावती घेतो, तेव्हा त्या सगळ्या इतिहासाची आठवण मला येते.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे हे खरं, पण ती दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या शस्त्रांना. म्हणजे तुमची चालते, तर ती परवान्याचीच. ‘आजोबांची जुनी आहे, कोण विचारतंय’ असं म्हणत माळ्यावर ठेवलेल्यांनी हे नीट वाचावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली आहे, तारीख बघून ठेवा.

दुसरं, नेम बसला म्हणजे डुकरावर बार टाकायला मोकळीक मिळाली असं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चाच आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हाच. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे आणि त्याच्या हद्दीत हत्यार घेऊन जायलाच मनाई आहे. कणकुंबी-जांबोटीकडच्यांना वाट वाकडी करावी लागली तरी ती करावी. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज वनखात्याकडे द्या, त्यात वेळ जातो पण तो आपला हक्क आहे.

चंदगडी

आमचं घर चंदगडात, बहिणीचं शेत खानापुरात. मी तिकडच्या रेंजवर बंदूक घेऊन येऊ का म्हणून विचारूलालो. दाजी म्हणतात, काय होतंय, ये की.

नंदगड पेठ

दाजींचं ऐकू नका. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरतं असेल तर शिनोळी ओलांडली की तुमच्याकडची बंदूक बिनपरवान्याची ठरते. क्षेत्र वाढवून घ्यायचा अर्ज कोल्हापूरला करा, तोवर रिकाम्या हातानं या आणि बघा.

कणकुंबीवाला

सगळ्यांचे आभार. रेंजवर जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखे अजून असतील.

नळीचं माप ५० च निघालं आणि आट्यांची फेरी ४८ इंचात. त्यामुळे गोल गोळी पक्की केली. शिसं मऊ, शुद्धच घेतलं. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं फुकट मिळत होतं, पण त्यात इतर धातू मिसळलेले असतात. गोळी कडक होते आणि वितळवताना निघणारा धूर घातक, म्हणून तो विषयच सोडला.

भरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पूर्ण पुसलं. मग नुसती टोपी लावून, नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाजवळ धरून चाप दाबला. पान उडालं, म्हणजे निपलपासून तोंडापर्यंत वाट मोकळी.

पहिल्या गोळ्या कागदभर विखुरल्या. चिंध्या गोळा केल्या तर प्रत्येकीच्या मधे जळकं भोक. उद्यमबागवाल्या दादांनी लिहिलं होतं तेच. गादीपाटाचा जाड नमुना बरोबर नेला होता, तो वापरल्यावर चिंध्या शाबूत यायला लागल्या आणि गोळ्या एकमेकींकडे सरकल्या. दोन बारांमधे ओलसर चिंधी एकदा आणि कोरडी एकदा फिरवायचा शिरस्ता ठेवला, तेव्हा तर पंजाच्या आत आल्या. दारू ५० ग्रेनला ठीक बसते, ५५ ला पुन्हा फाकतात. बार ५० वर ठरवला.

गोळी पूर्ण बसल्यावर नळीच्या तोंडाशी गजावर कोरून खूण केली. आता दर वेळी खूण तोंडाशी आली की समजायचं, गोळी दारूला टेकली.

५० मीटरवर गोळ्यांचा घोळका मध्यापासून साधारण १० सेंटिमीटर डावीकडे आणि तेवढाच खाली आहे. माशी कुठल्या बाजूला आणि किती?

उद्यमबाग

वा, आता माशीची वेळ आली. नियम एकच : गोळी जिकडं चुकते, माशी तिकडंच न्यायची. गोळी डावीकडे जाते, तर माशी डावीकडे सरकवा. गोळी खाली जाते, तर माशी खाली, म्हणजे घासून कमी करा. मागची खाच हलवायची असेल तर उलट, जिकडं गोळी हवी तिकडं.

किती, ते त्रैराशिक आहे. चूक गुणिले माशी ते खाच अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. तुमची माशी आणि खाच यांच्यात ७० सेंटिमीटर असतील असं धरलं तर १० × ७० ÷ ५००० = ०.१४ सेंटिमीटर. म्हणजे १.४ मिलिमीटर. एवढ्याशा लोखंडानं गोळी दहा सेंटिमीटर हलते, म्हणून कानशीचे दोन-तीन हात मारा, गोळ्यांचा एक घोळका बघा, पुन्हा दोन-तीन. शेवटचा थोडा भाग ठेवूनच थांबा. आडवं सरकवायला पितळेची पट्टी धरून हलक्या हातोडीनं ठोका, आणि आधीच्या जागी नळीवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा. हे काम गनस्मिथसमोर केलंत तर आणखी बरं.

निवृत्त सुभेदार

आणि उभं-आडवं एकाच वेळी बदलू नका. आधी आडवं पूर्ण करा. मग उंची.

५० मीटरला नेम बसला की १०० ला एकदा मारून फक्त बघून ठेवा. गोल गोळीचा वेग फार लवकर मरतो, तिथं ती सहज वीतभर खाली असेल. ते माशीत बसवायचं नाही, डोक्यात ठेवायचं.

गजावरच्या खुणेबद्दल फार बरं केलंत. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटतेही. त्याच गजावर दुसरी खूण रिकाम्या नळीची करा. घरातल्या कुठल्याही जुन्या ठासणीच्या बंदुकीला हात लावायच्या आधी गज आत सोडून बघायचा : तो तळाला पोचला नाही तर आत कुणा पणज्यानं भरलेला बार अजून आहे असं समजायचं आणि तशीच गनस्मिथकडे न्यायची. वर्षानुवर्षं नळीत राहिलेली काळी दारूही पेट घेते.

टोपी फुटली आणि बार झाला नाही तर निदान एक मिनिट नळी बांधाकडेच रोखून धरा. आत ठिणगी धुमसत असू शकते. आणि दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीच ओतू नका, आधी मापात घ्या आणि शिंग बंद करून बाजूला ठेवा.

निपाणी माळ

काका, बार काढल्यावर साफ कधी करायची? आमच्याकडे दुसऱ्या दिवशी करतात.

निवृत्त सुभेदार

त्याच दिवशी, ताई. शक्यतो झोपायच्या आत. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग क्षारांच्या रूपानं मागं उरतो आणि ते क्षार हवेतली ओल खेचतात. तुमच्या माळावर एक रात्र निभावेल कदाचित, कणकुंबीच्या पावसात सकाळी नळी तांबडी दिसेल.

नळी दस्त्यातून निघत असेल तर मागचं टोक गरम पाण्याच्या बादलीत ठेवा, गजाला चिंधी लावून पंपासारखं वर-खाली करा, पाणी निवळ येईपर्यंत. थोडा साबण चालेल. निपल काढून वेगळं धुवा. मग कोरड्या चिंध्या, नळी गरम असतानाच, म्हणजे उरलेलं पाणी उडून जातं. शेवटी तेलाची चिंधी. आठवड्यानं पुन्हा एक पांढरी चिंधी फिरवा. तांबडी आली तर सगळं परत करायचं.

कणकुंबीवाला

माशी डावीकडे सरकवून आडवं बसलं. उंचीसाठी कानस गनस्मिथच्याच हातात दिली आहे, पुढच्या रेंजला तेही होईल. दारूचं माप, चिंधीचं कापड, तेल, गोळीचं माप आणि गजाच्या दोन्ही खुणांची उंची परवान्याच्या पिशवीतल्या वहीत लिहून ठेवली. धाकटा भाऊ परवान्यात नाही, त्यामुळे तो बंदुकीला हात लावणार नाही, पण वही त्याला वाचायला दिली आहे.

एक शेवटचं विचारतो : उन्हाळ्यात चिंधीचं तेल पातळ होतं आणि थंडीत घट्ट, तर मेणाचं प्रमाण बदलावं का?

उद्यमबाग

हो. उन्हाळ्यात मेण जास्त, थंडीत एरंडेल जास्त. पण बदललं की ५० मीटरवर पुन्हा एक घोळका मारून बघायचा आणि वहीत नवी ओळ लिहायची. माशीला हात नाही.